आधी धुवा, मग पाठवा : विकसनशील देशांतील आरोग्य खात्यांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य सचिव, आरोग्य संचालक आणि जिल्हा रुग्णालयांचे प्रमुख,
विकसनशील देशांतील आरोग्य खाती

विषय : रसायनांनी भाजलेली मुले व मोठी माणसे, त्यांच्यावरचा पहिल्या तासातला उपचार आणि त्याआधीचे नियम

महोदय, महोदया,

भाजल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातले बहुतेक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. आगीने किंवा उकळत्या पाण्याने भाजलेल्यांच्या मानाने रसायनाने भाजलेले रुग्ण थोडे असतात, आणि बहुधा म्हणूनच त्यांचा वेगळा विचार कोणी केलेला नाही. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावलेल्या सूचना आगीच्या असतात, आणि ॲसिडने भाजलेल्या मुलालाही त्याच लावल्या जातात. हा पत्रप्रपंच त्यासाठी आहे.

आग विझली की भाजणे थांबते. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा अंगावर असेपर्यंत जखम खोल होतच राहते. कपड्यात मुरलेले, कमरपट्ट्याखाली साचलेले, केसांत आणि नखांखाली राहिलेले रसायन तासन् तास आपले काम करत असते. म्हणून रुग्णाला गाडीत घालून जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे पळणे, ही आगीच्या बाबतीत समजण्यासारखी धडपड इथे घातक ठरते. दोन तासांच्या प्रवासात वरवरची जखम कातडीच्या पूर्ण जाडीची होते, आणि जी आपोआप भरली असती तिला त्वचारोपण लागते. आमची मुख्य मागणी एका ओळीची आहे : रसायनाने भाजलेला रुग्ण ज्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोर सर्वांत आधी येईल, तिथेच तो पुरेसा वेळ धुतला जावा, आणि धुतल्याची नोंद असल्याशिवाय त्याला पुढे पाठवू नये. श्वास अडकत असेल तर श्वासमार्ग अर्थातच आधी, पण त्याही वेळी दुसऱ्या हाताने पाणी चालू राहिले पाहिजे.

ॲसिडने कातडीतली प्रथिने गोठतात. कोरडा, चामड्यासारखा थर तयार होतो आणि तोच थर मागून येणाऱ्या ॲसिडला थोडाफार अडवतो. कॉस्टिक सोडा, चुना, सिमेंट, अमोनिया ही अल्कली, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाची रसायने. ती कातडीखालच्या चरबीचा साबण करतात, प्रथिने विरघळवतात, आणि मऊ, लिबलिबीत झालेल्या पेशींमधून आणखी आत उतरतात. अल्कलीची जखम पहिल्या तासात साधी आणि कमी दुखणारी वाटते. तिची खरी खोली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. दाट सल्फ्युरिक ॲसिडही फसवते. कातडी तपकिरी, उन्हात रापल्यासारखी दिसते, फोड येत नाहीत, आणि नवखा डॉक्टर केसपेपरवर 'वरवरची जखम' असे लिहून मोकळा होतो. रसायनाच्या जखमेची खोली पहिल्या दिवशी ठामपणे लिहू नये, ४८ तासांनी पुन्हा पाहावी, ही सूचना तुमच्या नियमावलीत हवी.

आता पाणी. 'भरपूर पाण्याने धुवा' हे शब्द सूचनापत्रकांतून काढून टाका आणि त्या जागी आकडे लिहा. भरपूर म्हणजे किती, हे ज्याचे त्याने ठरवले की दोन तांब्यांवर काम संपते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे आन्सी झेड ३५८.१ हे मानक आपत्कालीन शॉवरसाठी मिनिटाला ७५.७ लिटर आणि डोळे धुण्याच्या नळासाठी मिनिटाला १.५ लिटर असा प्रवाह सलग १५ मिनिटे मागते. पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअसचे, आणि धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत पोहोचता येईल इतके जवळ. शॉवरचा हिशेब केला तर एका वेळेला १,१०० लिटरहून अधिक पाणी लागते. मोठ्या कारखान्यांकडून हे मानक जरूर पाळून घ्या. पण ज्या केंद्रात नळाला दिवसातून एकदाच पाणी येते, तिथे ते जसेच्या तसे लादले तर कागदावरच राहील.

अशा ठिकाणी २०० लिटरचे झाकणाचे पिंप कमरेपेक्षा उंच चौथऱ्यावर बसवा. तळाशी नळ, त्याला दीड-दोन मीटरची मऊ नळी. एक लिटरचा मग १० सेकंदांत भरतो इतपत नळ उघडला, की मिनिटाला ६ लिटर पाणी मिळते आणि एक पिंप ३३ मिनिटे पुरते. दोन पिंपे असली तर ॲसिडच्या रुग्णाचा पूर्ण तास निघतो, आणि अल्कलीच्या रुग्णासाठी तेवढ्या वेळात आणखी पाण्याची सोय करता येते. खाली उतार आणि पाणी वाहून जायला वाट असू द्या. हे पिंप बसवणे सोपे आहे. ते भरलेले ठेवणे अवघड. फरशी पुसायला, भांडी विसळायला त्यातले पाणी जाते आणि गरजेच्या दिवशी नळातून हवा येते. म्हणून पिंपाची जबाबदारी एका नावावर असावी, आठवड्यातून एकदा पाणी बदलल्याची सही असावी, आणि पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदवही चाळण्याआधी नळ उघडून पाहावा.

पाणी निर्जंतुक असण्याची गरज नाही. पिण्याचे स्वच्छ पाणी उत्तम. ते नसेल तर हाताशी असेल ते त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी घ्यावे, पण सलाइनच्या बाटल्या शोधण्यात पाच मिनिटे घालवू नयेत. आधी कपडे कापून काढायचे, डोक्यावरून ओढायचे नाहीत, कारण मग चेहरा आणि डोळेही भाजतात. बूट, पट्टा, घड्याळ, अंगठ्या, बांगड्या, गळ्यातले दोरे, सगळे उतरवायचे. चामडे तर रसायन शोषून धरून ठेवते. धुणाऱ्याने नायट्रिलचे हातमोजे, प्लॅस्टिकचा एप्रन आणि चष्मा घातलेला असावा. नाहीतर एकाचे दोन रुग्ण होतात. धार मंद ठेवावी. जोराच्या फवाऱ्याने रसायन उडते आणि आत ढकलले जाते. निथळणारे पाणी निरोगी अंगावरून वाहू देऊ नये, आणि रुग्णाला टबात बसवू नये. टबात बसवलेल्या मुलाच्या पायावरचे कॉस्टिक मांड्यांवर आणि जांघेत पसरते.

किती वेळ? ॲसिडसाठी अर्धा ते एक तास, अल्कलीसाठी दोन तास किंवा त्याहून जास्त. घड्याळापेक्षा खात्रीचा साक्षीदार म्हणजे पीएचचा कागद (७ च्या खाली ॲसिड, वर अल्कली असे रंगाने दाखवणारा), आणि तो इतका स्वस्त असूनही बहुतेक केंद्रांत नसतो. धुणे थांबवल्याबरोबर कागद लावला तर तो फक्त पाण्याचा पीएच दाखवतो. दहा मिनिटे थांबा, आतल्या थरांतले रसायन वर झिरपू द्या, मग कागद लावा. आकडा ७ च्या आसपास नसेल तर पुन्हा धुवा. अल्कलीच्या जखमेत अशा तीन-चार फेऱ्या होणे नेहमीचे आहे.

धुणे अर्ध्यावर का सुटते, हे तुमच्या प्रशिक्षणात सांगितले जात नाही. रुग्ण वेदनेने ओरडतो, मूल थंडीने कुडकुडते, खोलीभर पाणी होते, आणि नातेवाईक "मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणून दबाव आणतात. यातल्या प्रत्येकाला उत्तर आहे. धुता धुताच वेदनाशामक सुरू करा. मॉर्फिन किलोमागे ०.१ मिलिग्रॅम शिरेतून, हळूहळू, श्वासावर लक्ष ठेवून. मुलासाठी पाणी कोमट घ्या, जो भाग धुवायचा तेवढाच उघडा ठेवा, बाकी अंग कोरड्या चादरीत आणि डोके टोपीत. लहान मुलाचे अंग वजनाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे ते फार लवकर गार पडते. गार पडले तर पाणी गरम करा, धुणे बंद करू नका. आणि नातेवाइकांना कोणीतरी एकाने समोर बसून सांगायला हवे, की हाच उपचार चालू आहे.

ॲसिडवर सोडा आणि अल्कलीवर व्हिनेगर ओतण्याची सवय शाळेच्या प्रयोगशाळेतून आली असावी. अंगावर पडलेले रसायन किती, किती दाट, याचा अंदाज कोणालाच नसतो. उतारा ओतला की उष्णता तयार होते, आणि तो शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच. टूथपेस्ट, माती, तेल, अंडे, हळद यांनी रसायन कातडीवर कोंडले जाते. सिल्व्हर सल्फाडायझीनचे पांढरे मलमही पुढे पाठवायच्या रुग्णाला लावू नये. पुढच्या डॉक्टरला जखम दिसत नाही आणि ते मलम खरवडून काढावे लागते. धुऊन झाल्यावर स्वच्छ, कोरडे, सैल कापड किंवा स्वयंपाकघरात वापरतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ फिल्म पुरेशी आहे. फिल्म अंगाभोवती आवळून गुंडाळू नये, नुसती पसरून ठेवावी. धनुर्वाताची लस तपासावी.

पाण्याला थोडे अपवाद आहेत आणि ते प्रत्येक कर्मचाऱ्याला तोंडपाठ असावेत. कळीचा चुना किंवा कोरडे सिमेंट आधी कोरड्या ब्रशने किंवा कापडाने झटकायचे, मग एकदम मोठ्या धारेखाली धरायचे, कारण कळीचा चुना थोड्या पाण्यात तापतो. दाट सल्फ्युरिक ॲसिडचेही तेच : थोडे पाणी धोक्याचे, सतत वाहणारे मोठे पाणी सुरक्षित. सोडियम, पोटॅशियम यांसारख्या धातूंच्या कणांवर पाणी टाकायचे नाही. चिमट्याने उचलून खनिज तेलात टाकायचे. पांढरा फॉस्फरस हवा लागली की पेटतो, म्हणून तो काढेपर्यंत भाग ओला ठेवायचा. फिनॉल कातडी बधिर आणि पांढरी करतो, रक्तात शोषला जाऊन झटके आणि हृदयाची अनियमितता आणतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३०० किंवा ४०० मध्ये भिजवलेल्या बोळ्यांनी तो पुन्हा पुन्हा पुसावा. ते नसेल तर धार मोठीच हवी, कारण ओल्या फडक्याने पुसल्यास तो जास्तच शोषला जातो.

हायड्रोफ्लोरिक ॲसिडबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ते गंज काढायच्या आणि काच कोरायच्या द्रावणांतून लहानलहान कामाच्या जागी पोहोचले आहे आणि बाटलीवर बहुतेकदा नावही नसते. २० टक्क्यांहून पातळ द्रावणाची वेदना २४ तासांपर्यंत लांबू शकते. कामगार घरी जातो आणि रात्री बोटे ठणकू लागतात, बाहेरून मात्र जवळजवळ काहीच दिसत नाही. त्यातला फ्लोराइड शरीरातले कॅल्शियम बांधून टाकतो. दाट द्रावण तळहाताएवढ्या भागावर पडले तरी रक्तातले कॅल्शियम घसरून हृदय बंद पडू शकते. उपाय साधा आहे. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन २५ मिलिलिटर, पाण्यात विरघळणारी जेली ७५ मिलिलिटर, नीट घोटले की २.५ टक्क्यांचे जेल तयार. आधी धुवायचे, मग जेल चोळत राहायचे. हात भाजला असेल तर हातमोज्यात जेल भरून तो हातात चढवायचा. वेदना थांबणे हीच उपचार लागू पडल्याची खूण असते, म्हणून जागा बधिर करायचे इंजेक्शन देऊ नये. ईसीजी काढावा, त्यातले क्यूटी अंतर (कॅल्शियम घसरले की ते लांबते) पाहावे. कॅल्शियम ग्लुकोनेट तुमच्या औषधयादीत आहेच. फक्त तातडीच्या कपाटावर जेल बनवायची ही कृती चिकटवलेली नाही.

डोळ्यांकडे वळतो. दक्षिण आशियात पान-तंबाखूबरोबर खायचा चुना प्लॅस्टिकच्या पुड्यांत मिळतो. मूल ती पुडी दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. चुन्याचे कण पापणीच्या आतल्या घडीत चिकटून बसतात आणि तिथून दिवसभर अल्कली सोडत राहतात. मिटलेल्या पापण्यांवर पाण्याचे हबके मारून काही साधत नाही. मुलाला चादरीत घट्ट गुंडाळा, एकाने डोके धरावे, भाजलेला डोळा खालच्या बाजूला, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. डोळा बधिर करणाऱ्या प्रोपाराकेन ०.५ टक्क्यांचा एक थेंब टाकला की पापण्या उघडता येतात. सलाइनची बाटली टांगून नळीची धार नाकाकडून कानाकडे सोडा, निदान अर्धा तास, दोन लिटर तरी. वरची पापणी दुहेरी उलटवून घडीतले कण ओल्या कापसाच्या काडीने पुसून काढायलाच हवेत. धुऊन थांबल्यावर ५ ते १० मिनिटांनी खालच्या पापणीत पीएचचा कागद लावा, ७ ते ७.५ हवा. बुबुळाच्या कडेची लाली जाऊन ती पांढरीफटक पडली असेल तर ते चांगले लक्षण मानू नका. तिथला रक्तपुरवठाच जळालेला असतो आणि अशा डोळ्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ हवा.

गिळलेल्या रसायनाचे रुग्ण बहुतेक पाच वर्षांखालची मुले आणि जीव द्यायला निघालेली मोठी माणसे. मुलाने घोटभरच घेतलेले असते, मोठ्याने पेलाभर. त्यामुळे दोघांचे पुढचे सगळेच वेगळे होते. पण पहिल्या तासातल्या चुका सारख्याच. उलटी करवू नका. अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. पोटभर दूध किंवा पाणी पाजले तरी उलटी होते. कोळशाची पूड देऊ नका, ती रसायन धरत नाही आणि घशातून दुर्बीण घालून अन्ननलिका पाहणाऱ्याला काळोख करते. नाकातून नळी अंदाजाने घालू नका. तोंडात भाजलेले दिसले नाही म्हणून अन्ननलिका सुखरूप आहे असे धरू नका. लाळ गळणे, गिळायला नकार, घोगरा आवाज, श्वास घेताना घरघर, यातले काहीही असेल तर श्वासमार्ग सुजत चालला आहे आणि मुलाचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो.

दुर्बिणीची तपासणी पहिल्या २४ तासांत व्हावी. चंडीगडमधल्या डॉक्टर झरगर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेली जखमेची वर्गवारी आज जगभर वापरली जाते, आणि ती याच तपासणीवर उभी आहे. पाचव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान अन्ननलिकेची भिंत सर्वांत कच्ची असते, तेव्हा दुर्बीण घालणे म्हणजे ती फाटण्याला आमंत्रण. तुमच्याकडे नेमके हेच होते : पहिला आठवडा तालुक्याला जातो, दुसऱ्या आठवड्यात रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. तिसऱ्या आठवड्यापासून अन्ननलिका आवळू लागते आणि मग मुलाला महिनोन् महिने, कधी वर्षभर, ती रुंद करून घ्यायला यावे लागते. प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांनी फेऱ्या थांबतात, आणि मूल उपाशी राहून खंगते. अशा मुलांना जठरात थेट नळी बसवण्याची सोय आणि प्रवासभत्ता हे दोन्ही उपचाराचेच भाग धरा.

नाण्यासारखी दिसणारी बटण बॅटरीही रसायनानेच भाजते. २० मिलिमीटरची लिथियम बॅटरी अन्ननलिकेत अडकली की तिच्या ऋण टोकाशी हायड्रॉक्साइड तयार होतो आणि दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. एक्स-रेमध्ये नाण्याला एक कडा दिसते, बॅटरीला दुहेरी. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळत असेल आणि १२ तास उलटले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी १० मिलिलिटर मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबायचे मात्र नाही. बॅटरी काढणे हाच उपचार.

मोठा भाग भाजलेल्याला शिरेतून सलाइन लागते, आणि त्याच्या हिशेबात एकच गोष्ट वारंवार चुकते. तास मोजायचे ते भाजल्यापासून, रुग्णालयात आल्यापासून नाही. १२ किलोचे मूल, १५ टक्के भाजलेले : किलोमागे, टक्क्यामागे ३ मिलिलिटर धरून २४ तासांत ५४० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट (क्षारांचे सलाइन), त्यातले २७० पहिल्या ८ तासांत. शिवाय रोजच्या गरजेचे ग्लुकोज असलेले सलाइन ताशी ४४ मिलिलिटर. मूल तीन तासांनी पोहोचले तर ते २७० मिलिलिटर उरलेल्या पाच तासांत द्यायचे. लघवी किलोमागे ताशी १ मिलिलिटर, मोठ्यांत अर्धा. मुलाचे भाजलेले क्षेत्र मोजताना मोठ्यांचा नवाचा नियम (अंगाचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग धरून मोजणे) लावू नका. तान्ह्या बाळाचे डोकेच १८ टक्के असते. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसह सुमारे १ टक्का, ही मोजणी कुठेही चालते.

आता भाजण्याआधीचे, म्हणजे ते टाळणाऱ्या नियमांचे. १९२० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी कॉस्टिक सोडा वापरला जाई आणि मुले तो गिळत. चेव्हेलियर जॅक्सन या घशाच्या सर्जनने त्या मुलांच्या आवळलेल्या अन्ननलिका वर्षानुवर्षे रुंद केल्या आणि जोडीला कायद्यासाठी पाठपुरावा केला. १९२७ मध्ये दाहक रसायनांच्या डब्यावर विषाची सूचना सक्तीची झाली, १९७० मध्ये लहान मुलांना उघडता येणार नाही अशा झाकणांचा कायदा आला. आजचे आयएसओ ८३१७ हे मानक त्याच झाकणांसाठी आहे. ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांकडून ती उघडून पाहिली जातात. आपल्याकडे याच्या उलट चित्र आहे. पिंपातले ॲसिड किंवा कॉस्टिक पाण्याच्या आणि सरबताच्या जुन्या बाटल्यांत भरून सुटे विकले जाते. पाण्यासारख्याच दिसणाऱ्या द्रवाची बाटली पाण्याशेजारी ठेवलेली असते. मुलाला यात दोष देता येत नाही, आणि आईलाही नाही. सुटी विक्री बंद करा, घरगुती वापराच्या द्रावणाची तीव्रता कमी करायला लावा, आणि रंग, कडू चव, झाकण, चित्रातली सूचना या चारही गोष्टी एकदम मागा. वाचता न येणाऱ्या घरात नुसते अक्षर काम करत नाही.

कामाच्या जागांमध्ये आमचे बोट सिमेंटवर आधी जाते, कारण तिथे कोणी धोका मानतच नाही. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो. गुडघे टेकून काम करणाऱ्याच्या पॅन्टमधून, बुटात शिरलेल्या गाऱ्यातून काही तासांत पूर्ण जाडीची जखम होते, आणि सुरुवातीला दुखत नसल्याने कामगार पाळी संपेपर्यंत थांबतो. रबरी गमबूट, गुडघ्यांना पॅड, बुटात गारा गेला की तिथल्या तिथे धुवायला पाणी, एवढ्याने हे टळते. शिशाच्या बॅटऱ्या फोडणारे, कातडी कमावणारे, कापड रंगवणारे, सोने शुद्ध करणारे, रबराचा चीक फॉर्मिक ॲसिडने गोठवणारे, यांच्यापैकी बहुतेकांची नोंद कोणत्याही कारखाना निरीक्षकाकडे नसते. फॉर्मिक ॲसिड तर कातडीतून रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडते, म्हणून अशा रुग्णाची लघवी लाल किंवा काळसर दिसली तर जखम लहान आहे म्हणून घरी सोडू नका.

ॲसिड हल्ल्यांबद्दल बांगलादेशाचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवा. २००२ मध्ये तिथे दोन कायदे झाले : एक गुन्ह्याच्या शिक्षेसाठी, दुसरा ॲसिडची आयात, साठा, विक्री आणि वापर यांच्या परवान्यासाठी. त्या वर्षी बळी पडलेल्यांची संख्या सुमारे ५०० होती. पुढच्या पंधरा वर्षांत ती वर्षाला शंभराच्या खाली आली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव, पत्ता, ओळखपत्र आणि कारण नोंदवावे, १८ वर्षांखालील कोणालाही विकू नये, आणि पीडितेला किमान ३ लाख रुपये भरपाई मिळावी, त्यातले १ लाख १५ दिवसांत, असे आदेश दिले; एप्रिल २०१५ मध्ये खासगी रुग्णालयांनाही मोफत उपचार बंधनकारक केले. कायदा कागदावर असणे आणि दुकानातली नोंदवही तपासली जाणे यांत फार अंतर आहे. रुग्णालयांकडे या अंतराचे मोजमाप असते, कारण बाटली कुठून आली हे रुग्ण सांगतो. ते विचारण्याची आणि पुढे कळवण्याची पद्धत घालून द्या. पोलिसांची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत धुणे थांबवणे हा गुन्हा मानला जावा.

जखम भरल्यानंतरचे काम आम्हाला सर्वांत कमी दिसते. मान, काख, कोपर, बोटे आकसतात. मूल वाढते, व्रण वाढत नाही. पहिल्या आठवड्यापासून सांधा ताणलेल्या स्थितीत ठेवणाऱ्या पट्ट्या आणि रोजचा व्यायाम लागतो, व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे दिवसाचे २३ तास, अनेक महिने. पापणी आकसून डोळा उघडा राहिला तर बुबुळ कोरडे पडून दृष्टी जाते, म्हणून रात्री मलम आणि लवकर शस्त्रक्रिया.

शेवटी एक छोटा बदल मागतो, तो या महिन्यातच करता येईल. पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीवर चार रकाने छापा : रसायन कोणते, धुणे किती वाजता सुरू झाले, किती मिनिटे चालले, थांबवल्यानंतर दहा मिनिटांनी पीएच किती होता. शक्य असेल तेव्हा बाटली किंवा तिचा फोटो रुग्णाबरोबर पाठवा. आणि प्रत्येक जिल्ह्याकडून तीन महिन्यांनी एकच आकडा मागा : रसायनाने भाजून आलेल्या रुग्णांपैकी किती जण धुऊन आले.

आपले,
भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट